आठवड्याचे एकच छायाचित्र : गावशिवारातील नवख्या छायाचित्रकारांसाठी

आमच्या भागात बुधवारी बाजार भरतो. त्या दिवशी आजूबाजूच्या पाच-सहा गावांतील माणसे भाजीपाला, बियाणे किंवा बँकेच्या कामासाठी एका ठिकाणी येतात. संध्याकाळी बाजार उठला की आम्ही दहा-बारा छंदी छायाचित्रकार वाचनालयाच्या ओसरीवर बसतो आणि आठवड्याभरात टिपलेल्या छायाचित्रांपैकी आपापले सर्वांत आवडलेले एकच छायाचित्र इतरांपुढे ठेवतो. आमच्यात शिक्षक आहेत, धान पिकवणारे शेतकरी आहेत, कृषी केंद्र चालवणारे एक गृहस्थ आहेत आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आहेत. दर पावसाळ्यानंतर दोन-चार नवी माणसे येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न सारखाच असतो : कॅमेरा कोणता घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न जागेचा आहे, म्हणून या लेखाची सुरुवातही तेथूनच करतो.

एक जागा ठरवावी

घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी एकच जागा निवडावी आणि निदान वर्षभर ती सोडू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात राहणाऱ्यांना जागा शोधावीच लागत नाही, कारण बहुतेक गावांना एखादा मामा तलाव किंवा निदान एक बोडी, म्हणजे लहान तळे, असतेच. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपल्यावर सरकारकडे आले आणि त्यांच्या नावाला ‘माजी’ जोडले गेले. धानाला पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे तलाव आज अडई, हळदीकुंकू बदक, कमळपक्षी, शराटी आणि हिवाळ्यात येणारी तलवार बदके यांचे हक्काचे घर आहेत. पश्चिमेकडे, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कपाशीच्या मुलखात, वावराचा धुरा म्हणजे बांध, नाल्याकाठची बाभूळ, संत्र्याची बाग किंवा पडीक माळ हीच तुमची जागा. तीही तितकीच समृद्ध आहे.

एकाच जागेचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. कोणत्या महिन्यात सूर्य कोणत्या झाडामागून वर येतो, कोणत्या फांदीवर खंड्या बसतो, म्हशी पाण्यात कधी उतरतात, हे चार-सहा फेऱ्यांनंतर आपोआप कळू लागते, आणि छायाचित्रणातील निम्मे यश या माहितीचे असते. वेडा राघू उडून माशी किंवा चतुर पकडतो आणि बहुधा पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. हे ज्याने पाहिले आहे तो पक्ष्यामागे धावत नाही. तो त्या तारेवर कॅमेरा रोखून थांबतो, आणि चोचीत चतुर धरलेल्या वेड्या राघूचे चित्र त्याला त्याच आठवड्यात मिळते.

ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट, बोर, टिपेश्वर ही नावे ऐकून आलेल्या नवख्यांना हा सल्ला सुरुवातीला निरस वाटतो, याची मला जाणीव आहे. जंगल सफारी जरूर करावी. परंतु सफारीत गाडी कोठे आणि किती वेळ थांबणार हे दुसरे कोणी ठरवते, आणि वर्षातून एकदा मिळणाऱ्या त्या तीन-चार तासांत हात बसत नाही. हात बसतो तो गावच्या तलावावर, आठवड्यामागून आठवडे.

वेळ आणि ऋतू

विदर्भाच्या उन्हात वेळेचे गणित चुकले की उत्तम कॅमेराही उपयोगी पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते आणि शंभर मीटरवरचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने टिपला तरी तो पाण्याखालून पाहिल्यासारखा पुसट येतो. नवखी माणसे हा दोष लेन्सला देतात आणि नवी लेन्स घेण्याच्या विचारात पडतात. प्रत्यक्षात त्यांनी दीड तास आधी घराबाहेर पडायला हवे होते. उन्हाळ्यात उजाडल्यापासून साडेसात-आठपर्यंत आणि संध्याकाळी ऊन कलल्यानंतरचा तासभर, एवढाच काळ कामाचा मानावा. दुपारी अंगणात मातीचा कुंडा पाण्याने भरून ठेवावा आणि खिडकीच्या आडून पाहावे. बुलबुल, सातभाई, दयाळ आणि शिंजीर आंघोळीला येतात आणि चार हातांवरून चित्र मिळते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा एका झाडाखाली सकाळभर बसणे पुरेसे असते. मैना, कोतवाल, पोपट आणि शिंजीर एकामागून एक मधासाठी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तलावांचा काळ. आणि मृग लागला की पहिल्या दमदार पावसानंतर वावरात लाल मखमली मृगाचे किडे फिरू लागतात. नव्या माणसाने पहिले छायाचित्र याचेच काढावे असे मी नेहमी सुचवतो, कारण त्याला महागडी लेन्स लागत नाही, तो उडून जात नाही, आणि मोबाईल जमिनीला टेकवून त्याच्या बरोबरीने पाहिले की त्या मखमलीतून आठ पाय मोजता येतात. किडा म्हणून ज्याला लहानपणापासून तळहातावर खेळवले तो मुळात कीटकच नाही, कोळ्यांच्या नात्यातला जीव आहे, हे छायाचित्र मोठे करून पाहताना कळले की माणूस या छंदात कायमचा अडकतो.

आता कॅमेरा

पहिले सहा महिने हाती असलेला मोबाईल पुरेसा आहे. कोळ्याच्या जाळ्यावरचे दव, फुलपाखरे, भुंगे, झाडांच्या साली, धुक्यातला तलाव हे सगळे मोबाईलने उत्तम टिपता येते. त्यानंतरही ओढ टिकली तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जोडलेली लांब झूम असलेला ब्रिज कॅमेरा. निकॉन पी९०० मध्ये ८३ पट आणि पी१००० मध्ये १२५ पट झूम मिळते, लेन्स बदलावी लागत नाही, आणि त्यांत पक्ष्यांसाठी वेगळा मोडही आहे. त्यांची मर्यादा अशी की कमी उजेडात चित्र दाणेदार येते आणि उडता पक्षी पकडणे अवघड जाते. दुसरी वाट म्हणजे जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. गावातल्या तलावासाठी मी दुसरी वाट सुचवेन. मात्र सोयाबीन किंवा धान विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊ नये आणि कॅमेऱ्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. ज्यांच्याकडे आधीपासून कॅमेरा आहे त्यांच्यासोबत दोन-तीन सकाळी हिंडावे, त्यांचा कॅमेरा हाताळून पाहावा आणि मग ठरवावे.

तिपाई नसेल तर जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात दोन किलो धान किंवा तूर भरावी. धुऱ्यावर, बैलगाडीच्या साटीवर, तलावाच्या पाळीवरच्या दगडावर ही पिशवी ठेवून तिच्यात लेन्स रुतवली की हात हलत नाही. माझ्याकडील अशी पिशवी दर पावसाळ्यानंतर सोडून धान बदलावे लागते, एवढाच तिचा खर्च.

सेटिंगबद्दल सुरुवातीला मोजकेच लक्षात ठेवावे. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ असा मोड असतो. त्यात शटरचा वेग आपण ठरवतो आणि बाकीचे कॅमेरा सांभाळतो. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद आणि उडणाऱ्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद वेग ठेवावा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, स्वयंचलित ठेवावा. फोकसचा बिंदू एकच, मधला, निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. चिखलात उभा असलेला पांढरा बगळा कॅमेऱ्याला फसवतो : भोवतीचा काळोख पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसे नुसता पांढरा डाग होतात. अशा वेळी उजेडाची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) उणे १ करावी. आभाळाच्या पार्श्वभूमीवर तारेवर बसलेल्या काळ्या कोतवालासाठी नेमके उलटे, म्हणजे अधिक १ करावे.

उडत्या पक्ष्याचा सराव कापशीवर करावा. ही पांढरी-राखी, लाल डोळ्यांची लहान शिकारी घार कपाशीच्या आणि हरभऱ्याच्या वावरावर उंदीर हेरत हवेत एकाच ठिकाणी पंख फडफडवत थांबते, त्यामुळे नवख्या हातालाही चार-पाच सेकंद मिळतात. चार-पाच सेकंद पुष्कळ होतात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते आणि एकदा लागली की ती पूर्णपणे जात नाही. कॅमेरा कपाटात कपड्यांत गुंडाळून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळ्या दाण्यांचे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा उपाय अनेक जण सांगतात, पण तांदळाची पीठधूळ लेन्सच्या सांध्यात शिरते, म्हणून तो करू नये.

शिवारात वागावे कसे

दुसऱ्याच्या वावरात शिरण्याआधी मालकाला विचारावे. हा शिष्टाचार आहेच, शिवाय जिवाचाही प्रश्न आहे : रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून काही ठिकाणी कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडलेला असतो, आणि पहाटेच्या अंधारात तार दिसत नाही. धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, उतरताना गमबूट घालावेत, कारण घोणस आणि मण्यार दोन्ही तेथे असतात.

वाघाच्या मुलखात याहून जास्त काळजी लागते. ब्रह्मपुरी वनविभागासारख्या भागात व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या जंगलातही वाघांचा वावर मोठा आहे. मोहफुले किंवा तेंदूपाने वेचताना वाकलेल्या, बसलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या घटना आपल्या लोकांनी भोगलेल्या आहेत. जंगलाच्या कडेला उजाडण्यापूर्वी एकटा, झुडपाआड उकिडवा बसलेला छायाचित्रकार नेमक्या त्याच स्थितीत असतो. अशा गावांत पूर्ण उजाडल्यावरच निघावे, दोघांनी मिळून जावे, एकाने कॅमेरा धरला असेल तर दुसऱ्याने फक्त भोवती पाहावे, आणि वनरक्षकाने जाऊ नका म्हटल्यावर वाद न घालता परत फिरावे. मोहाच्या हंगामात अस्वलही पहाटे झाडाखाली असते. कोणतेही छायाचित्र या धोक्याच्या मोलाचे नाही.

आता पक्ष्यांच्या बाजूने. जवळ जाण्याची मर्यादा पक्षी स्वतः सांगतो, ती ऐकायला शिकावे. टिटवी माळावर उघड्या जमिनीवर लहानसा खळगा करून बहुधा चार अंडी घालते आणि त्यांचा रंग मातीत इतका मिसळतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की आपण अंड्यांच्या किंवा पिलांच्या जवळ पोहोचलो आहोत असे समजावे आणि आलेल्या वाटेने, आपलीच पावले पाहत मागे फिरावे. तेथे उभे राहून अंडी शोधू नयेत. उन्हाळ्यात ती दहा मिनिटे उघडी राहिली तरी तापतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे पुष्कळांना माहीत नसते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, घुबडावर रात्री फ्लॅश मारणे, चित्र ‘मोकळे’ यावे म्हणून घरट्यापुढच्या फांद्या बाजूला करणे, या गोष्टी करून आणलेले चित्र आम्ही पाहत नाही.

निवड

बाजाराच्या आदल्या रात्री आठवड्याची सगळी चित्रे समोर घ्यावीत. दोनशे असतील तर आधी फक्त डोळा पाहावा : डोळा स्पष्ट नाही ते चित्र बाजूला. उरलेल्या वीस-तीस चित्रांत पक्षी किंवा प्राणी काही करतो आहे का ते पाहावे. नुसता बसलेला नीलपंख सुंदर दिसतो, पण पावसात पिसे फुगवून बसलेला, टोळ गिळणारा किंवा दुसऱ्या नीलपंखाशी भांडणारा नीलपंख आपल्याला काही सांगतो. त्यातून तीन उरतात, आणि त्या तिघांतले एक निवडताना माणूस खरा शिकतो. आपल्याला हेच का आवडले याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे, आणि ते उत्तर ‘याला फार कष्ट पडले’ असे नसावे. चार तास चिखलात बसलो हे आपल्याला माहीत असते, पाहणाऱ्याला चित्रात ते दिसत नाही. दहा चित्रे दाखवून तुम्हीच ठरवा म्हणणाऱ्या नव्या सदस्याला आम्ही आग्रहाने परत पाठवतो, कारण निवडीचे काम दुसऱ्यावर सोपवले की शिकणेही त्याच्याकडेच जाते.

चित्र कापणे, किंचित उजळ करणे, रंगांचा तोल साधणे, एवढे संस्करण योग्य आहे. नसलेला चंद्र आणून घुबडामागे लावणे, नको असलेली विजेची तार पुसून टाकणे किंवा संगणकाकडून वाघ तयार करून घेणे योग्य नाही. तार पुसू नये असे मी विशेष सांगतो, कारण आपल्या शिवारात कोतवाल, वेडा राघू आणि कापशी तारांवरच बसतात आणि तीच आजची खरी नोंद आहे.

नाव आणि टिपण

प्रत्येक चित्रासोबत चार-पाच ओळींचे टिपण लिहावे. नाव, तारीख, वेळ, अधिवास, आणि त्या क्षणी काय चालले होते, एवढे पुरते. उदाहरणादाखल : ‘मुग्धबलाक, लोक घोंगल्याफोडा म्हणतात. १४ डिसेंबर, सकाळी ७.४०. धान कापणीनंतरच्या ओल्या बांधीत तीन पक्षी. त्यांतल्या एकाने वीस मिनिटांत सात गोगलगायी शंखातून काढून खाल्ल्या. गाईगुरे जवळ चरत होती, त्यांना तो घाबरला नाही.’ असे टिपण लिहायची सवय लागली की डोळा कॅमेऱ्याबाहेरही पाहू लागतो.

नाव ओळखता आले नाही तर ‘ओळख पटली नाही’ असे सरळ लिहावे, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर चित्र टाकून मदत घेता येते, परंतु त्याआधी ते गावातल्या जुन्या माणसांना दाखवावे. ढिवर समाजातील मासेमार आणि गुराखी यांना पक्ष्यांची अशी नावे आणि सवयी माहीत असतात की ज्या कोणत्याही ॲपमध्ये नाहीत. ते नावही टिपणात लिहावे, ज्या गावी ऐकले त्या गावाच्या नावासह.

काय दाखवू नये

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात मला शिंगाड्याच्या बोडीत कमळपक्ष्याचे घरटे दिसले. तरंगत्या पानांवर काड्यांची पातळ गादी, तिच्यावर पॉलिश केल्यासारखी चकचकीत तपकिरी चार अंडी, आणि पाऊस सुरू होताच त्यांच्यावर पंख पसरून बसलेला नर. या जातीत अंडी उबवणे आणि पिले वाढवणे ही कामे नरच करतो. मी दुरून, पाळीवरून चित्र घेतले, ते सर्वांना आवडले आणि कौतुकाच्या भरात मी बोडीचे नाव सांगून टाकले. पुढच्या बुधवारच्या आत तेथे कितीतरी माणसे जाऊन आली. मी गेलो तेव्हा काठालगतची शिंगाड्याची पाने ओढून बाजूला केलेली होती आणि अंडी नव्हती. ती कशाने गेली हे सांगता येणार नाही, पण वाट मी दाखवली होती.

तेव्हापासून आमचा नेम असा आहे की घरट्याचे, पिलांचे आणि दुर्मीळ जिवांचे ठिकाण कोणालाही सांगायचे नाही. टिपणात फक्त तालुका लिहायचा. गोंदियाच्या धानपट्ट्यातील सारसांच्या जोड्या पावसाळ्यात बांध्यांत आणि तलावांत घरटी करतात, त्यांच्याबाबतीत तालुकाही लिहीत नाही. घुबड, मांडूळ आणि खवले मांजर यांची चित्रे शक्यतो दाखवूच नयेत. अंधश्रद्धा आणि तस्करी यांमुळे या तिघांच्या ठिकाणाची माहिती शोधणारे लोक आहेत. वाघ दिसल्याची बातमी त्याच दिवशी पसरवली तर गर्दी जमते, आणि गर्दीत वाघ व माणूस दोघेही धोक्यात येतात. जखमी प्राणी, फास किंवा वीजप्रवाहाची तार दिसली तर चित्र घ्यावे, मात्र ते फक्त वनविभागाला द्यावे आणि १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

तोंडाने न सांगताही ठिकाण फुटते, तेही मोबाईलमधून. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ चालू असेल तर चित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर साधे चित्र म्हणून पाठवले तर ही नोंद गळते, पण चित्राचा दर्जाही घसरतो. दर्जा टिकावा म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर नोंद जशीच्या तशी समोरच्याकडे जाते. यावर सोपा उपाय म्हणजे लोकेशन पहिल्या दिवसापासून बंद ठेवणे.

दुसऱ्याचे चित्र पाहताना

नुसते ‘छान’ म्हणून सोडून देऊ नये. चित्रात आपल्याला काय दिसले ते एका वाक्यात सांगावे आणि एक प्रश्न विचारावा : उजेड कोणत्या बाजूने होता, पक्षी किती दूर होता, पुढे काय झाले. नव्या माणसाच्या पुसट चित्रातही एखादी चांगली गोष्ट असते. आधी ती सांगावी, मग दोष. आमच्यातील एका मुलीने पहिल्या महिन्यात आणलेले सरड्याचे चित्र हललेले होते, पण सरडा ज्या कुंपणावर होता त्याच्यावरचा सकाळचा तिरपा उजेड तिने अचूक पाहिला होता. आम्ही तेवढेच बोललो. पुढच्या बुधवारी ती त्याच कुंपणावर, त्याच वेळी, १/५०० सेकंदाने टिपलेला सरडा घेऊन आली.

महिन्यातून एकदा त्या महिन्यात निवडलेल्या चार-पाच चित्रांतले एक तालुक्याच्या स्टुडिओतून चार बाय सहा आकारात छापून घ्यावे आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर टिपणासह लावावे. मुले थांबून वाचतात, आणि तलावावर जाणारे लोक आपणहून बातम्या आणू लागतात. मूळ फाईल मात्र मोबाईलवर सोडू नये. वर्ष, महिना, तारीख आणि जिवाचे नाव अशा क्रमाने फाईलला नाव देऊन ती संगणकात आणि पेन ड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी ठेवावी. तीन-चार वर्षांनी त्या नावांची यादी नुसती वाचली तरी आपल्या तलावावर तलवार बदके कोणत्या आठवड्यात उतरली, पळस कधी फुलला आणि पहिला मृगाचा किडा कोणत्या तारखेला दिसला, हे ओळीने समोर येते.